चव्हाटा आणि चारचौघे : अभिमान-यात्रेतील दृश्यतेची मीमांसा

सार्वजनिक जागी येण्यासंबंधी मराठीत दोन वाक्प्रचार रूढ आहेत आणि ते अर्थाच्या दृष्टीने अगदी विरुद्ध टोकांना उभे आहेत. मनुष्य 'चारचौघांत' येतो तेव्हा तो मान्य होतो. त्याची गोष्ट 'चव्हाट्यावर' येते तेव्हा तो उघडा पडतो. दोहोंतही चार ही संख्या आहे आणि पाहणारे डोळेही आहेत. भेद एवढाच की, पहिल्यात पाहिला जाणारा मनुष्य हा पाहणाऱ्यांपैकीच एक असतो, दुसऱ्यात तो त्यांच्यापासून तोडलेला असतो. समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या अभिमान-यात्रांविषयी, म्हणजे ज्यांना वृत्तपत्रे 'प्राइड' म्हणतात त्यांविषयी, गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे लेखन झाले त्यात 'दृश्यता' हा शब्द पदोपदी येतो. परंतु ही दृश्यता या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. यात्रा निघाली, तिचे छायाचित्र छापून आले, म्हणजे समाज दृश्यमान झाला, असे एक सोपे समीकरण सर्वत्र गृहीत धरलेले दिसते. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि ही तपासणी पुण्याच्या डेक्कन भागात न थांबता इंद्रायणीपलीकडे, खेड तालुक्यातील कुरुळीसारख्या गावापर्यंत नेल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

यात्रांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. न्यूयॉर्क येथे २८ जून १९७० रोजी निघालेल्या मोर्चाने या प्रकाराचा आरंभ झाला. भारतात २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा माणसे चालली. तिला 'मैत्रीची पदयात्रा' असे सौम्य नाव दिलेले होते. मुंबईत ऑगस्ट २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून यात्रा निघाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या 'समपथिक ट्रस्ट'ने ११ डिसेंबर २०११ रोजी पहिली यात्रा काढली. मुंबईकरांनी निवडलेली जागा आणि वेळ अर्थपूर्ण आहे. 'छोडो भारत'च्या मैदानातून, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी निघून त्यांनी असे सुचविले की, १८६० साली परकीय सत्तेने लिहिलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम अद्याप देश सोडून गेलेले नाही. ही सूचना घोषणेपेक्षा स्थळाच्याच योगाने अधिक पोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता, या यात्रांनी अदृश्य असलेल्यांना दृश्य केले, या विधानाकडे वळू. ते अर्धेच खरे आहे. ज्या समूहाच्या वतीने हे विधान केले जाते त्यातील एक मोठा भाग महाराष्ट्रात कधीही अदृश्य नव्हता. यल्लम्मेच्या नावाने साडी नेसणारा जोगता, तमाशाच्या फडातील नाच्या, लग्नाघरी व बाजारपेठेत टाळी वाजवीत येणारा तृतीयपंथी, हे सारे मराठी समाजाच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्पिढ्या वावरत आले आहेत. राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या, आणि त्यांचा आधार घेऊन आलेला 'जोगवा' हा २००९ सालचा चित्रपट, यांचा विषयच मुळी अशी लादलेली दृश्यता हा आहे. तेथील तायप्पाला कोणी पाहत नाही असे नाही. त्याला सगळा गाव पाहतो, आणि तेच त्याचे दुःख आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधील गुणाचीही कथा याच जातीची आहे. प्रेक्षक त्याला पाहण्यासाठी पैसे देतात, आणि ज्या रूपात पाहतात त्याच रूपाबद्दल त्याची पुढे विटंबना होते. अशा माणसाला 'दृश्यता' देऊ करणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्याला पाणी देऊ करणेच होय. त्याला हवी असते ती पाहिले जाण्याच्या अटी स्वतः ठरविण्याची मुभा. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे शीर्षक, 'मी हिजडा, मी लक्ष्मी!', या दृष्टीने बोलके आहे. पहिले नाम समाजाने दिलेले, दुसरे स्वतःचे, आणि दोहोंच्याही मागे तोच 'मी'.

समलिंगी स्त्रीपुरुषांची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्यांना मराठी लोकव्यवहारात पोशाख नव्हता, विधी नव्हता, शिवीखेरीज नावही नव्हते. आधुनिक मराठीत त्यांचा पहिला ठळक वावर आढळतो तो रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या प्रश्नोत्तरांत. आणि तोही कसा? प्रश्न छापला जातो, विचारणारा मात्र पडद्याआड राहतो. हे मासिक १९२७ ते १९५३ असे सव्वीस वर्षे चालले. अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, आणि कर्व्यांना दंड झाला. या प्रसंगाचे स्मरण बहुधा वैचारिक धैर्याचा नमुना म्हणून केले जाते, ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रश्नकर्ता अदृश्य राहू शकला म्हणूनच प्रश्न दृश्य झाला. उत्तर देणाऱ्याने शिक्षा सोसली ती, एका अर्थी, त्या अनामिकाच्या वतीने. दृश्यतेचा हा पहिला मराठी व्यवहार होता, आणि त्यात आडोसा हा दोष नसून अट होती.

नाटक-कादंबरीने पुढे हा आडोसा काढून टाकला. परंतु त्याच्या जागी आणले एकाकीपण. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले व रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातील मित्रा उभी केली. मराठी रंगभूमीवर समलिंगी स्त्री नायिका म्हणून येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तथापि, नाटकाची घडण पाहता मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही, ती बापू सांगतो. आणि ती संपते मित्राच्या मृत्यूने. नायिका प्रेक्षकांना दिसते ती एका सहृदय पण परक्या पुरुषाच्या दृष्टीतून. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत निवेदन तनयकडे येते, ही प्रगती खरी. भाऊ आणि बहीण यांची दोन निवेदने एकाच निघून गेलेल्या भाडेकरूभोवती फिरतात आणि त्या भाडेकरूला लेखकाने नावच दिलेले नाही. घरातील दोन माणसे एकाच व्यक्तीवर प्रेम करतात, एकाच छपराखाली राहतात, आणि एकमेकांना दिसत नाहीत. ही रचना अतिशय कुशल आहे. परंतु तेंडुलकरांपासून कुंडलकरांपर्यंत पंचवीस वर्षे गेली तरी नायक एकटाच राहिला, हे नोंदविलेच पाहिजे. त्याच्यासारखा दुसरा कोणी शेजारच्या वाड्यात असेल, त्याची त्याच्याशी रस्त्यात गाठ पडेल, अशी शक्यता या कलाकृतींच्या विश्वात जवळजवळ नाही.

अभिमान-यात्रेचे खरे कार्य येथे दिसून येते. ती प्रथम एकवचनाचे अनेकवचन करते. फुटपाथवर उभा राहून पाहणाऱ्यावर तिचा जो परिणाम होतो तो क्षणिक असतो. पुष्कळांना तर ती मिरवणूक कसली हेही समजत नाही. चालणाऱ्यावर होणारा परिणाम मात्र खोल असतो. आजवर ज्याला आपल्यासारखा केवळ आपणच असे वाटत होते, त्याला पुढे-मागे शेकडो माणसे दिसतात. त्यांत वकील असतो, परिचारिका असते, आणि मुलाचा हात धरून चाललेली आईही असते. मुंबईत 'स्वीकार' या नावाने पालकांचा जो गट उभा राहिला, त्यातील आईबापांची उपस्थिती या दृष्टीने कोणत्याही फलकापेक्षा अधिक बोलते. यात्रेची दृश्यता ही आधी परस्पर-दृश्यता आहे. बाहेरच्यांनी पाहणे हे तिचे दुय्यम फळ होय. वारीच्या दिंडीशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, विशेषतः पुण्याची यात्रा डिसेंबर सोडून जूनकडे सरकल्यापासून, कारण त्याच सुमारास देहू-आळंदीच्या पालख्यांचे वेध लागलेले असतात. परंतु ही तुलना फार ताणू नये. दिंडीत मनुष्य आपले वेगळेपण विसरण्यासाठी चालतो. येथे तो ते प्रथमच मोठ्याने सांगण्यासाठी चालतो. साम्य आहे ते एवढेच की, दोन्हीकडे गर्दी ही माणसाला झाकते आणि धीर देते. पहिल्या काही वर्षांत मुखवटे लावून चालणारे होते, यात हसण्यासारखे काही नाही. 'समाजस्वास्थ्य'च्या अनामिक प्रश्नकर्त्याचेच ते वंशज होत.

'अभिमान' हा शब्दही येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर सरळ दिसत असले तरी मराठी संतपरंपरेत 'अभिमान' ही टाकावयाची वस्तू आहे. देहाभिमान गळाल्याखेरीज पुढचा मार्ग नाही, असा तेथील सूर. फुले-आंबेडकरांच्या परंपरेने रुजविलेला 'स्वाभिमान' हा शब्द या चळवळीच्या आशयाला कितीतरी अधिक जवळचा आहे, कारण ज्याला लाज वाटावयास लावले गेले त्याने ताठ उभे राहणे, असा त्याचा रोख आहे. चळवळीने 'अभिमान' उचलला आणि 'स्वाभिमान' बाजूस राहिला, ही निवड अनवधानाने झाली असावी. तिची किंमत मात्र मोजावी लागली. 'यात अभिमान बाळगण्यासारखे काय आहे?' हा नेहमीचा आक्षेप निम्मा त्या शब्दातूनच निघतो.

बाहेरच्यांना यात्रा कशी दिसते, हे बहुतांशी कॅमेरा ठरवितो. हजार माणसांच्या यात्रेतून दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात दोन-तीन चेहरे येतात, आणि ते साहजिकच रंगीबेरंगी पोशाखाचे, पिसाऱ्याचे, गडद ओठांचे असतात. साधा सदरा घातलेला कारकून आणि ओढणी सावरीत चाललेली शिक्षिका छायाचित्राच्या कडेला कापली जातात. पुण्यातील आयोजकांनी पोशाख संयत असावा असा आग्रह धरला आणि २०१७ साली त्यावरून चळवळीतच वाद उद्भवला, त्याचे मूळ येथे आहे. आग्रह धरणाऱ्यांची भीती उथळ नव्हती. मध्यमवर्गीय पुण्याला आपली मुले 'चारचौघांसारखी' आहेत हे पटले तरच दार उघडेल, असा त्यांचा हिशेब होता. तथापि तो हिशेब चुकीचा होता, असेच म्हणावे लागते. ज्यांना साधा सदरा घालून लपता येते त्यांच्या सोयीसाठी, ज्यांना जन्मात कधी लपता आले नाही त्यांना मागे सारण्याचे फल त्यातून निघते. तायप्पाची साडी त्याच्यावर लादलेली होती; यात्रेत स्वेच्छेने नेसलेली साडी ही नेमकी त्याची उलट क्रिया आहे. ती नको म्हणणे म्हणजे चव्हाट्याचे भय चारचौघांच्या नावाखाली परत आणणे होय.

या दृश्यतेला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती सत्तेच्या परवान्याची. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या यात्रेला ऑगस्ट क्रांती मैदान नाकारण्यात आले; नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या घोषणा होतील अशी पोलिसांना शंका होती. आझाद मैदानावर नुसती सभा झाली. तेथील काही घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, आणि आयोजकांनी त्या घोषणांपासून आपण अलग असल्याचे जाहीर केले. म्हणजे दिसण्यास मुभा होती ती एका ठरावीक विषयापुरती. समलिंगी म्हणून दिसावे, नागरिक म्हणून मात्र दिसू नये, असा हा सौदा होता, आणि बारा वर्षांपूर्वी मैदानाच्या निवडीतून जो अर्थ काढला गेला होता तो मैदानाबरोबरच गेला.

दृश्यतेचा प्रश्न केवळ सांस्कृतिक नाही, हे न्यायालयांच्या निर्णयांवरून ध्यानात येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ३७७ व्या कलमाचा जाच संमतीच्या प्रौढ संबंधांपुरता दूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला, तो पुण्यातील पहिल्या यात्रेच्या बरोबर दुसऱ्या वार्षिक दिवशी. फिरविताना दिलेल्या कारणांत एक असे होते की, हा वर्ग लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहे आणि दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेपेक्षाही कमी लोकांवर खटले झाले. ज्यांना कायद्याच्या भयाने लपावे लागले त्यांचे लपणे हेच त्यांच्या नगण्यतेचा पुरावा मानले गेले. यात्रांना बळ आले ते या तर्कदुष्टतेमुळे. मोजता येईल अशा संख्येने रस्त्यावर उतरणे भाग पडले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणासंबंधीच्या निकालाने हा युक्तिवादच दोषपूर्ण ठरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलमाचा तो भाग रद्द झाला. हक्क संख्येवर अवलंबून नाहीत, हे एकदा मान्य झाल्यावर यात्रेतील गर्दी मोजण्याचे प्रयोजन उरू नये. तरीही दरवर्षीची बातमी 'इतके हजार सहभागी' याच वाक्याने सुरू होते. सवयी निकालांपेक्षा चिवट असतात.

मग कुरुळीचे काय? मोशी ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने इंद्रायणी पार केली की चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे हे तोंड लागते. मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, गोदामे, आणि मूळ गावठाणाभोवती भाड्याने देण्यासाठी उठविलेल्या खोल्यांच्या रांगा, असे या परिसराचे आजचे रूप आहे. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले तरुण येथे एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. समलिंगी तरुणाच्या दृष्टीने या स्थलांतराचा अर्थ दुहेरी आहे. गाव सुटले म्हणून भाऊबंदांचे डोळे सुटले. परंतु खोलीत तीन नवे डोळस सोबती आले, आणि ते बहुधा त्याच तालुक्यातले. पुण्याच्या यात्रेला जाण्यास अंतर फार नाही. रविवारची पाळी बदलून घेता आली आणि बसचे भाडे खिशात असले की पोचता येते. परतल्यावर मात्र खोलीतील एखाद्याच्या फोनवर यात्रेचे छायाचित्र आलेले असते. जे छायाचित्र डेक्कनला चारचौघांत येण्याची खूण ठरते, तेच कुरुळीच्या खोलीत चव्हाटा होते. आणि ते उस्मानी दुपारच्या आत परभणीच्या वा बुलढाण्याच्या घरी पोचू शकते. खोली गेली तर त्याच आठवड्यात दुसरी शोधावी लागते. ठेकेदाराने 'उद्यापासून येऊ नको' म्हटले तर विचारणारा कोणी नसतो. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींविरुद्ध नोकरीतील भेदभावास मनाई केली. समलिंगी कामगाराला खासगी नोकरीत तेवढेही कागदी संरक्षण त्या कायद्याने दिले नाही. मोठ्या कंपन्या जून महिन्यात आपल्या बोधचिन्हाला सप्तरंग चढवितात, परंतु कंत्राटी कामगाराच्या ओळखपत्रावर नाव असते ते ठेकेदाराचे.

याच पट्ट्यात, महानगरपालिकेच्या हद्दीत, दृश्यतेचा एक निराळा प्रयोग झालेला आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि 'ग्रीन मार्शल' पथकात कामावर घेतले. वर्षातून एकदा रस्त्यावरून जाणारी यात्रा आणि रोज सकाळी कचेरीच्या दारात गणवेषात उभी असलेली व्यक्ती, यांच्या दिसण्यात गुणात्मक भेद आहे. दाखला घेण्यास आलेला नागरिक तिला वाट विचारतो, ती सांगते, तो पुढे जातो. ज्याच्याकडे आजवर केवळ पाहिले गेले त्याच्याकडे येथे पाहण्याचेच, लक्ष ठेवण्याचेच काम आले आहे, हाही एक सूक्ष्म उलटफेर होय. या घटनेविषयी लिहिताना वृत्तपत्रांना पिसारे सापडले नाहीत म्हणून तिची छायाचित्रे थोडी छापली गेली असतील. चारचौघांत येणे ज्याला म्हणतात ते मात्र येथे घडले. यात्रेविना हे घडले असते का, याचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल, कारण कचेरीत बसलेल्याला हा वर्ग आहे याची जाणीव रस्त्यावरूनच झाली. परंतु यात्रेने उघडलेले दार ओलांडण्याचे काम यात्रा करू शकत नाही.

आणि हे दार तृतीयपंथीयांसाठी, म्हणजे जे आधीच दिसत होते त्यांच्यासाठी उघडले. कुरुळीच्या खोलीतील तरुणासाठी तसे कोणते दार आहे, हे अजून दिसत नाही. त्याची पहिली अडचण शब्दाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा मराठी वाहिन्यांवर दिवसभर 'समलिंगी' हा शब्द घुमत होता. पण घरातल्या घरात तो शब्द उच्चारला जात नाही, तो निबंधाचा शब्द आहे. 'गे' हा शहराचा शब्द. जुने ग्रामीण शब्द सगळे शिव्या आहेत. 'समपथिक', म्हणजे त्याच वाटेचा वाटसरू, हा सुंदर शब्द संस्थेच्या नावापलीकडे गेला नाही. गावी फोन करून लग्नाचा विषय टाळणाऱ्या मुलाला आईशी बोलताना जो शब्द लागेल, तो अद्याप यात्रेच्या फलकावर आलेला नाही आणि कादंबरीतही आलेला नाही. तनयलाही तो सापडला नव्हता. तोवर त्या संभाषणात मुलगा 'सध्या पाळी जास्त आहे' असे म्हणतो, आणि आई 'चार लोक विचारतात रे' एवढेच म्हणून फोन ठेवते.